केसभर डावीकडे

बॅग हुकावरून खाली उतरवली तेव्हा काटा शून्यावर परत आला नाही. शून्याच्या रेघेच्या डावीकडे, केसभर अंतरावर तो थांबला, थोडा थरथरला आणि तिथेच स्थिरावला. मुलीने ते पाहिलं.

बाबा त्याआधीच वजन सांगून मोकळे झाले होते. "बावीसच्या पुढे आठ रेघा. तेवीसच्या आत. आता यात रुमालसुद्धा घालायचा नाही, सांगून ठेवतो."

"रुमालाला कसलं आलंय वजन," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"वजन नाही अशी एक वस्तू आणून दाखव, दुकान तुझ्या नावावर करतो."

वजनाच्या बाबतीत त्या घरात बाबांचा शब्द शेवटचा असे. ते वजनकाटे दुरुस्त करत. वाण्यांचे, सोनारांचे, औषधवाल्यांचे, हॉस्पिटलातले. दुरुस्त झालेल्या काट्याला तार ओवायची, त्या तारेवर शिशाचं सील ठेवून पकडीने दाबायचं, की पुढच्या तपासणीपर्यंत त्या काट्याचा खरेपणा बाबांच्या डोक्यावर. त्यांना नावाने कोणी ओळखत नसे, सगळे काटेवाले म्हणत. मुलगी झाली ती वेळेआधी, तळहाताएवढी. वॉर्डातल्या काट्यावर बाबांचा विश्वास बसेना. त्यांनी दुकानातून स्वतःचा काटा नेला, तिला तोललं आणि म्हणाले, ही तर सोनाराच्या तराजूतली गुंज. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ती गुंज भौतिकशास्त्र शिकायला परदेशी निघाली होती, एकटी. घरातलं कोणी त्याआधी विमानात बसलेलं नव्हतं.

"नाकापेक्षा मोती जड," बॅग दाराशी लोटत आई म्हणाली. "ही पोर ही उचलणार कशी?"

"चाकं आहेत बॅगेला," बाबा म्हणाले. काट्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलं, पण सरळ नाही. मान थोडी वळवून, कोंबडा दाण्याकडे बघतो तसं. तसं ते आता सगळ्याकडेच बघत. लोकांना वाटे, मान आखडली असेल.

मान ठीक होती. डोळ्यांचा मधला भाग जात होता. "कडेचं दिसत राहील," डॉक्टरांनी सांगितलं होतं, "पण ज्याच्याकडे बघाल नेमकं तेच दिसणार नाही." त्या दिवशी बाबांबरोबर फक्त गुंज होती. दवाखान्याच्या जिन्यात त्यांनी तिच्याकडून वचन घेतलं. आईला सांगायचं नाही, गिऱ्हाइकाला तर नाहीच नाही. "आंधळ्याच्या हातात काटा कोण देईल? झाकली मूठ सव्वा लाखाची." तेव्हापासून रेघ गुंज वाचायची, बोटाने बाबांच्या मनगटावर खूण करायची आणि बाबा आकडा मोठ्याने सांगायचे. गिऱ्हाइकांना वाटे, मुलगी धंदा शिकतेय. बरं आहे, एकुलती एक आहे.

मग विद्यापीठातून होकार आला. त्याच संध्याकाळी दुकानाचं शटर ओढताना तिने तोंड उघडलं होतं. "बाबा, मी गेले तर दुकान..."

"परीक्षा घे माझी," बाबांनी तिला पुढे बोलूच दिलं नाही. "रोज घे. एक जरी चुकलो तर तू म्हणशील तसं."

तिने रोज घेतली. दुकानातला तपासणीचा काटा, लाकडी पेटीतली पितळी वजनं. ती एकेक वजन पारड्यात ठेवी, बाबा मान वळवून डायलकडे बघत आणि सांगत. पन्नास. दोनशे. वीस. कधी दोन वजनं एकत्र ठेवून तिने फसवायचा प्रयत्न केला, तरी बाबा फसले नाहीत. एकदाही नाही. तेव्हा तिला वाटलं, कडेच्या नजरेवर माणूस शिकत असेल. शरीर मार्ग काढतं, असं तिने वाचलंही होतं.

विश्वास ठेवणं तिला सोयीचंही होतं. दुकान बंद करा, हे वाक्य तिने मनातल्या मनात इतक्यांदा घोकलं होतं की त्याला आता चव राहिली नव्हती. पण ते बाहेर पडलं असतं की त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न आला असता, मग घर कोण चालवणार. आणि त्याचं उत्तर तीच होती. तिच्या गप्प राहण्यात तिचंही तिकीट होतं. हे तिला पक्कं माहीत होतं आणि म्हणूनच त्याकडे ती सरळ बघत नसे.

आज बॅग तोलताना डायल बाबांच्या बाजूला होता. ती पलीकडून बॅग सावरत होती. पुढे येऊन बघायला हवं होतं, पण निघायच्या दिवशी बापाचा आकडा तपासायचा, हे तिच्याने झालं नाही. बॅग उतरल्यावर ती पुढे आली तेव्हा केसभराचा फरक दिसला. केसभर म्हणजे काय, तिने स्वतःची समजूत घातली. केसभराने विमान पडत नाही.

विमानतळावर रांग लांब होती. बाबा सारखे इकडून तिकडे मान वळवत होते. छत, खांब, उजेड, सगळं त्यांना कडेने दिसत होतं.

"एवढा लोखंडाचा डोलारा वर जातो," ते म्हणाले. "त्याचं वजन करत असतील का गं कोणी?"

"करतात, बाबा."

"कोण करतं? त्यांचं नाव काढून ठेव. कामाला येईल."

"तिथे जाऊन काटेच विकायचेत का तिने," आई म्हणाली. तिच्या हातात डब्याची पिशवी होती आणि ती तिने घरापासून एकदाही खाली ठेवली नव्हती. "आणि मधे विमान बदलताना कोणाशी बोलू नकोस. विचारायचं असेल तर गणवेशातल्या माणसाला विचार."

"गणवेशातल्या माणसाशी बोललं तर चालतं?"

"तो पगार घेतो ना त्याचा."

नंबर आला. काउंटरमागे गुंजच्याच वयाची एक मुलगी होती. तिने पासपोर्ट पाहिला, बॅग पट्ट्यावर ठेवायला सांगितली, आणि पट्ट्याशेजारच्या काळ्या चौकोनात लाल आकडे उमटले. सव्वीस पूर्णांक सहा.

"जास्त आहे," काउंटरवरची म्हणाली. "तेवीस चालतात."

"जास्त नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "मी स्वतः तोललीय. तुमचा पट्टा एका अंगाला कललेला असेल."

"काका, सकाळपासून सगळ्यांना हाच काटा आहे."

"सगळ्यांचं सकाळपासून चुकत असेल." मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. बाबांनाही ते आवडलं. ते पट्ट्यापाशी वाकले, तळहात कडेवरून फिरवला, मान वळवली, काळ्या चौकोनाच्या अगदी जवळ तोंड नेलं. मग सरळ होऊन, दुकानात गिऱ्हाइकाला सांगत तशा स्वच्छ आवाजात म्हणाले, "बघा की. बावीस पूर्णांक आठ. हा काय लिहिलाय तुमच्याच काट्याने."

काउंटरवरच्या मुलीने आकड्याकडे पाहिलं, मग गुंजकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"हो, बाबा," गुंज म्हणाली. "पण इकडचा नियम जरा वेगळा आहे. थोडं कमीच करावं लागतंय. तुम्ही इथे बसा."

तिने बॅग खाली ओढली. इतकं सफाईदार खोटं आपल्याला येतं, याचं तिला नवल वाटलं नाही. वर्षभराचा सराव होता.

बाबांना खुर्चीवर बसवून दोघी मायलेकींनी खांबाआड फरशीवर बॅग उघडली. गुंजचं डोकं नेहमीसारखं हिशेबाला लागलं होतं. केसभर म्हणजे फार तर अर्धी रेघ. अर्ध्या रेघेने जवळजवळ चार किलो वाढत नाहीत. म्हणजे काटा फार चुकला नव्हता. वाचणारा चुकला होता. किंवा त्याने वाचलंच नव्हतं. तेवीसच्या आत बसायला हवं, म्हणून बसवलं होतं.

आईने घोंगडी बाहेर काढली, एक जाड पुस्तक काढलं, बूट काढले. तळाशी वजनांची लाकडी पेटी होती. बाबांनी बॅग तोलायच्या आधीच घालायला दिलेली, दुकानातली, तीच. ती गुंजने खांद्यावरच्या पिशवीत घातली.

"मला माहीत आहे," आई म्हणाली. ती बुटांच्या नाड्या बांधत होती, वर बघत नव्हती.

"काय माहीत आहे?"

"ताटातलं लोणचं त्यांना सापडत नाही गं. मी काय आंधळी आहे?" शब्द तोंडातून गेल्यावर ती थांबली. "तू विमानाचे कागद करायला फिरत होतीस ना, तेव्हापासून दुकानात मी बसते त्यांच्याजवळ. आकडा मी हळूच सांगते. त्यांना वाटतं, मला मजा वाटते म्हणून वाचते. आणि मी त्यांना तसंच वाटू देते. चाललंय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू आज इथे असतीस?"

गुंजने चेन ओढली. चेन मधेच अडकली. "आणि हॉस्पिटलात? मागच्या आठवड्यात बाळांच्या वॉर्डातले काटे होते. माझी त्या दिवशी व्हिसाची मुलाखत होती. तू गेलीस?"

"मला तिथे कोण आत घेतंय? त्यात तुझी मावशी आजारी, मी तिच्याकडे. ते एकटेच गेले."

"एकटे?"

"तू परीक्षा घेत होतीस ना त्यांची रोज. तूच म्हणायचीस त्यांना, सगळं बरोबर. मी ऐकत होते." आईने पहिल्यांदा वर पाहिलं. "आता नको काढूस काही. तू तिकडे पोच. नीट बस्तान बसू दे. मग बघू. एवढी वर्षं डोळ्यांत तेल घालून काम केलंय त्या माणसाने. चारचौघांत त्याची अब्रू आजच जायला हवी का?"

गुंजने त्याच एका आधाराला धरलं. परीक्षा. लाल आकडे वेगळे, बॅगेची घाई वेगळी. पण डायलचा काटा बाबा वाचू शकतात, हे तिने रोज, स्वतः, तपासलं होतं. बॅग पुन्हा पट्ट्यावर गेली आणि या वेळी नियमात बसली.

आतल्या दाराशी बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात आधी कानाला लागला, मग वर सरकला.

"तिकडच्या प्रयोगशाळेत मोठमोठे काटे असतील," ते म्हणाले. "हात लावायच्या आधी शून्य बघायचं. शून्य चुकलं की पुढचं सगळं चुकतं. एवढंच मला येतं, बाकीचं ते शिकवतील."

"हो, बाबा."

"आणि दुकानाची काळजी करू नको. तू येईपर्यंत मी ओढतो."

ती वळून चालायला लागली. मागे पाहिलं तेव्हा बाबा हात हलवत होते, पण तिच्या दिशेने नाही. तिच्यापासून थोडं बाजूला, तिच्यासारखाच निळा सदरा घातलेल्या कोणा दुसऱ्या मुलीकडे बघून. आईने त्यांचा हात हळूच धरून वळवला.

तपासणीच्या ठिकाणी बूट काढायला सांगितलं. ती वाकली. पिशवी यंत्रातून पलीकडे गेली आणि तिथल्या गणवेशातल्या बाईने लाकडी पेटी उघडली.

"हे काय आहे?"

"वजनं."

"कशाला?"

"वडिलांनी दिली. आमचं दुकान आहे."

"लोक लाडू देतात," ती बाई म्हणाली आणि एकेक वजन उचलून धातूच्या ट्रेमध्ये टाकू लागली. गुंज पाठमोरी, बुटाची नाडी बांधत होती. ट्रे वाजला. पन्नास, तिच्या मनात आलं. पुन्हा वाजला. वीस. मग जड, बसका आवाज. दोनशे.

तिची बोटं नाडीवरच थांबली. ती वळली. ट्रेमध्ये पन्नास, वीस आणि दोनशेची वजनं होती.

तिने न बघता ओळखली होती. बघायची गरजच नव्हती. या वजनांचा आवाज ती रांगत होती तेव्हापासून तिच्या कानात होता. बाबांच्या तर हयातभर. परीक्षेत तिने पारड्यात जे जे ठेवलं, ते बाबांच्या स्वतःच्या पेटीतलं होतं. त्यांनी डायल एकदाही वाचला नव्हता. त्यांनी ऐकलं होतं. कदाचित फसवायचं म्हणूनही नाही. इतक्या वर्षांच्या कानाला आपण ऐकतोय की बघतोय, हेही कळलं नसेल.

विज्ञान शिकलेली ती. उत्तर ज्याला पाठ आहे त्यालाच प्रश्न घालत बसली होती. एखादा दगड ठेवला असता, वाटीभर तांदूळ ठेवले असते, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. तांदूळ घरात होते. तिला सुचलं नाही. की सुचू दिलं नाही, हे तिला आता नक्की सांगता येईना.

"घ्या, भरा," बाई म्हणाली. "पुढच्या वेळी लाडू आणा."

विमानाच्या दाराजवळच्या खुर्च्या भरत आल्या होत्या. काचेपलीकडे विमान उभं होतं, पोटातून बॅगा गिळत होतं. गुंज पेटी मांडीवर घेऊन बसली. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांचा नंबर तिच्याकडे होता. तपासणीची वेळ ठरवायला वर्षभर तीच फोन करायची.

काटा चुकतो, यात नवीन काही नाही. किती चुकतो ते माहीत असलं की त्याच्याशी जगता येतं, तेवढं वजा करायचं. माहीत नसलेल्या चुकीला काही करता येत नाही. आणि त्या काट्यांवर बाबांचं सील होतं, म्हणून त्यांच्यावर कोणी शंकाही घेणार नव्हतं. त्या वॉर्डात सगळंच वजनावर चालतं, सिस्टरांनी एकदा सांगितलं होतं. दूध वजनावर, सलाईन वजनावर, औषध तर थेंबाथेंबाने वजनावर. ही तोळामासा पोरं, रतीभर इकडचं तिकडे झालं तर सोसवत नाही त्यांना.

आई म्हणाली होती, पोच आधी. पोचायला पुढचा दिवस उजाडणार होता. घोषणा झाली. मागच्या रांगांतल्या प्रवाशांनी यावं. तिची रांग मागचीच होती. लोक उठले. तिने फोन लावला.

"अगं गुंज," पलीकडून आवाज आला. मागे एक मूल बारीक सुरात रडत होतं. "विमानात बसलीस का? वरून बोलतेस?"

"अजून नाही. सिस्टर, मागच्या आठवड्यात बाबा काटे बघायला आले होते ना?"

"आले की. तिन्ही करून गेले. यंदा तू नव्हतीस, तर म्हणाले, आमची पोर आता मोठ्या काट्यांकडे चालली." सिस्टर हसल्या. "तुझ्या बाबांचा हातगुण बघ. ते गेल्यापासून आमची सगळी पोरं भराभर वजन धरतायत. खिडकीजवळचं ते बारकं होतं ना, त्याची तर आम्ही आशा सोडली होती. एका रात्रीत वर चढलं. डॉक्टरांनी काल त्याचं औषधही वाढवलं."

गुंजने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे ती वॉर्डातली मोठी खिडकी आली, तिच्याखालचा काचेचा पाळणा, आणि त्यावर वाकलेले बाबा, मान वळवून.

"हॅलो? गुंज? आवाज येत नाहीये तुझा."

दारापाशी आता दोनच माणसं उरली होती. गणवेशातल्या एका माणसाने तिच्याकडे पाहून हाताने बोलावलं. ती उठून उभी राहिली. पेटीतली वजनं एकमेकांवर आपटली आणि तिने प्रत्येकाचा आवाज ओळखला.

"येतोय ना आवाज?" ती म्हणाली. "मग लिहून घ्या आणि डॉक्टरांना लगेच सांगा. ते तिन्ही काटे वापरू नका. पोरं वाढलेली नाहीत, सिस्टर. दुसरीकडून काटा आणा आणि सगळ्यांना पुन्हा तोला, खिडकीजवळच्याला आधी."

"काय बोलतेस तू हे? सील आहे त्यावर काटेवाल्यांचं."

"सील तोडून टाका. माझ्या वडिलांना दिसत नाही. वर्ष झालं. मला माहीत होतं." तिचा आवाज कापला नाही. दुकानात बाबा आकडा सांगत, तसाच तो स्वच्छ आला. "कोणी विचारलं तर माझं नाव सांगा. आमचं दुकान आजपासून बंद आहे."